रडारवर लाल दिसलं की मांडव उतरवायचा का?

मांडववाला | ४ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. बदलापुरात मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे, वडिलांपासूनचा.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एका लॉनवर हळद होती. साठ बाय चाळीसचं कापडी छत, तिन्ही बाजूंनी कनाती, स्टेजमागे फुलांचा पडदा. साडेपाचला आम्ही हॅलोजन लावत होतो. पश्चिमेला लख्ख ऊन, बारवी धरणाच्या बाजूला काळं. नवरीचा भाऊ मोबाइल घेऊन आला, असेल विशीतला. म्हणाला, "काका, हे बघा, मुरबाडवर लाल आहे." मी बघून न बघितल्यासारखं केलं. मुरबाडचं मुरबाडला. इकडे आलंच तर तासाभराने, तोवर हळद लागून जेवणंही उरकतील.

वीस मिनिटांत वारं आलं. पाऊस नाही, नुसतं वारं. पहिल्याच झटक्याला मागची कनात फुगली, दोन खुंट्या उपटल्या आणि छत एका कोपऱ्यातून असं उचललं की खालची माणसं पळायचं सोडून वर बघत राहिली. हॅलोजनचा एक स्टँड आडवा झाला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. फुलांचा पडदा शेजारच्या आंब्यात अडकलेला मिळाला. पाऊस पडायला लागला तो त्यानंतर दहा मिनिटांनी.

बिलातले अर्धे पैसे सोडले, त्याचं काही नाही. पण निघताना तो पोरगा एवढंच बोलला, "काका, मी दाखवलं होतं." ते अजून टोचतं.

यंदाचा सीझन सुरू झालाय. या धंद्यात रोज आभाळ बघून पोट भरतं, पण ते रंगीत चित्र मला वाचता येत नाही. लाल म्हणजे नक्की काय? किती आधी कळतं? आणि कळल्यावर माझ्यासारख्याने करायचं काय? दर वेळी लाल दिसलं म्हणून मांडव उतरवला तर धंदा बंद करावा लागेल.

---

शंकासूर | ४ मे, रात्री ११:२०

मांडववाले, स्वागत. माझा अनुभव सांगतो. दुपारी मोबाइलवर मेसेज येतो, "पुढील तीन तासांत ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस". ठाणे जिल्हा म्हणजे भाईंदरच्या खाडीपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत. त्यात कुठेतरी चार थेंब पडणारच, म्हणजे अंदाज कधी चुकतच नाही. आमची आजी कावळ्याने घरटं कुठल्या फांदीवर बांधलंय ते बघून पावसाचं सांगायची. तीही कधी चुकली नाही, कारण नंतर कुणी विचारायला जायचं नाही.

---

ढगोबा | ५ मे, सकाळी ७:०५

शंकासूर, "तुरळक ठिकाणी" हा पळवाटेचा शब्द वाटतो, पण त्याला माप आहे. त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की "तुरळक", पन्नासपर्यंत "काही ठिकाणी", पंचाहत्तरपर्यंत "बऱ्याच ठिकाणी". तुमचं घर त्या पंचवीस टक्क्यांत येतं का, हे तो मेसेज सांगूच शकत नाही. ते सांगायचं काम रडारचं.

मांडववाले, मी हवामान खात्यातला नाही. विमानतळावर नोकरी केली, तिथे ही चित्रं रोज समोर असायची. आता निवृत्त आहे, सवय सुटलेली नाही. तुमच्या त्या संध्याकाळचा हिशेब मांडू या.

मुरबाड ते बदलापूर सरळ रेषेत साधारण २० किलोमीटर. मे महिन्यातले असे ढग बहुतेक वेळा घाटाकडे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकतात. आपली नजर समुद्राकडे असते आणि वादळ येतं पाठीमागून. वेग ताशी ३० किलोमीटर धरला तर पाऊस तुमच्याकडे पोचायला ४० मिनिटं. पण पोराने दाखवलेलं चित्र त्या क्षणाचं नव्हतं. रडारची एक फेरी पूर्ण व्हायची, मग चित्र बनायचं, मग ते संकेतस्थळावर चढायचं. दहा मिनिटं सहज शिळं. उरली ३०. त्यातून वादळाचं वारं पावसाच्या पुढे धावतं. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटते आणि चारी दिशांना पसरते, ती पावसाच्या दहा मिनिटं आधी तुमच्यापर्यंत आली. उरली २०.

तुम्ही म्हणालात, वीस मिनिटांत वारं आलं. तासभर नव्हताच तुमच्या हातात.

---

मांडववाला | ५ मे, सकाळी ७:४०

काका, हे वाचून चहा गार झाला. म्हणजे चित्र बरोबर होतं, माझं गणित चुकलं.

---

ढगोबा | ५ मे, सकाळी ८:३०

गणित कुणी शिकवलेलंच नसतं. आता लाल म्हणजे काय ते.

कुलाब्याला उंचावर एक पांढरा गोल घुमट आहे, फुटबॉलसारखा. त्याच्या आत तबकडी फिरते आणि रेडिओलहरींचे छोटे छोटे ठोके सोडते. वाटेत पाण्याचे थेंब लागले की लहरींचा अगदी बारीक अंश परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, किती जोरात आला त्यावरून थेंबांचा अंदाज. गंमत अशी की थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर परत येणारा जोर चौसष्ट पट होतो. म्हणून रिमझिम पाऊस फिका दिसतो आणि टपोऱ्या थेंबांचा ढग एकदम भडक. गारा असतील तर विचारूच नका.

हा जोर मोजतात डीबीझेडमध्ये. चित्राच्या बाजूला पट्टी असते, रंग सोडा, तिच्यावरचे आकडे बघा. रंग प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, आकडे तेच. २० म्हणजे रस्ता जेमतेम ओला. ३० म्हणजे छत्री हवी. ४० ला तासाला दहा-बारा मिलिमीटरच्या गतीने पाऊस. ५० ला तीच गती पन्नासच्या आसपास. ५५ च्या वर गेलं तर गारा असण्याची शंका घ्यायची.

हवामान खात्याच्या पानावर "मॅक्स झेड" नावाचं चित्र असतं. त्याच्या वरच्या आणि उजव्या बाजूला दोन अरुंद पट्ट्या असतात, लोक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्या पट्ट्या म्हणजे ढगाची बाजूने दिसणारी उंची. पावसाळ्यातला संततधार ढग तिथे बुटका दिसतो. मे महिन्यातला वादळी ढग मात्र बारा-पंधरा किलोमीटरचा खांब उभा करतो. तुमच्या मांडवाचा शत्रू तो खांब. आणि खांब खचायला लागला, म्हणजे वरचा रंग भराभर खाली उतरताना दिसला, की वारं जमिनीवर यायची वेळ झाली.

एक खबरदारी. काही चित्रांवर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. कित्येक जण दुपारी बाराचं चित्र समजून संध्याकाळचं बघतात आणि "जुनंच दाखवतात" म्हणून बंद करतात.

---

वाळवणवाली | ५ मे, दुपारी १:१५

मांडववाले दादा, तुमचं छत तर आमच्या कुरडया. घरून पापड-कुरडया-सांडगे करून विकते, चार जणी मदतीला असतात. गच्चीवर प्लास्टिक अंथरून पन्नास-साठ किलोचं वाळवण पडलेलं असतं. अर्धवट वाळलेली कुरडई भिजली की तिचा परत चीक होतो, फेकण्याशिवाय इलाज नाही.

माझ्या फोनमध्ये दामिनी अॅप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. वीज पडली की नकाशावर दिसते, आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं असतात. मोठ्या वर्तुळात विजा दिसायला लागल्या की मी खाली हाक मारते. छोट्यात आल्या की प्लास्टिकची चारी टोकं धरायची आणि वाळवणासकट जिन्यात. सहा मिनिटं लागतात, मोजली आहेत. दोन वर्षांत एकदाच भिजलं, ते रडार फार चांगलं आहे.

---

ढगोबा | ५ मे, दुपारी २:००

ताई, पद्धत एक नंबर, फक्त दामिनी म्हणजे रडार नव्हे. ठिकठिकाणी बसवलेली संवेदक यंत्रं विजेच्या लहरी पकडतात आणि वीज कुठे झाली ते ठरवतात. रडार पाणी बघतं, दामिनी वीज बघते. दोन्ही जोडीने बघितलं तर उत्तम. वीज नसलेला पाऊस दामिनीत दिसणार नाही, बहुधा त्याच दिवशी भिजलं असेल. आणि गच्चीवर परत जायची घाई करू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं, हा नियम जगभर पाळतात.

---

वाळवणवाली | ५ मे, दुपारी २:१०

हो, त्या दिवशी एक आवाज नव्हता! मुकाट्याने आला.

---

निफाडकर | ५ मे, रात्री ९:३०

द्राक्षबाग आहे, सात एकर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून धागा वाचला. सरळ विचारतो. अर्धा तास आधी कळलं तरी मी काय करू? मांडव उतरवता येतो, कुरडया उचलता येतात. घड लागलेली बाग कुठे उचलून नेऊ?

दुसरं असं की मुंबईच्या रडारवर आमच्याकडचं नीट दिसतं का? मला तरी कधी कधी डोक्यावर ढग आणि चित्र कोरं असा अनुभव आहे.

---

ढगोबा | ६ मे, सकाळी ७:१५

निफाडकर, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी खाली वाकत जाते. शिवाय डोंगर-इमारती टाळायला किरण जरा वर उचललेला असतो, सर्वांत खालचा कोन अर्ध्या अंशाच्या आसपास. त्यामुळे जसजसं दूर जाल तसतसा तो जमिनीपासून वर वर जातो. १०० किलोमीटरवर दीड किलोमीटर उंच, २०० वर चार. कुलाबा ते निफाड सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे तुमच्याकडे समुद्रसपाटीपासून साडेतीन-पावणेचार किलोमीटरपर्यंतचं काहीच कुलाब्याला दिसत नाही. मधे सह्याद्री आडवा, तो वेगळाच. उंच वादळी ढगाचा माथा दिसेल, पण बुटक्या ढगाचा पाऊस किरणाच्या खालून निघून जाईल. तुमचं कोरं चित्र हे असं.

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. घड वाचवायला अर्धा तास पुरत नाही. त्याला आधीपासून घातलेलं प्लास्टिकचं आच्छादन आणि विमा. हिशेबाने बघितलं तर तुमच्या बागेला रडारचा उपयोग फारसा नाही, तुमच्या माणसांना आहे. छाटणीला, काढणीला आलेली बायामाणसं झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जातील एवढं त्या अर्ध्या तासात होतं.

---

निफाडकर | ६ मे, सकाळी ८:००

पटलं. खोटा दिलासा दिला नाहीत, बरं वाटलं.

एक मात्र आहे. आमचे पाहुणे तासगावला बेदाणा करतात. त्यांच्या शेडमध्ये जाळ्यांवर माल वाळत असतो, बाजूला ताडपत्रीचे पडदे गुंडाळलेले. वीस मिनिटं आधी कळलं की सगळे पडदे खाली, माल वाचला. नाही कळलं तर बेदाणा काळा पडतो आणि भाव निम्म्यावर. त्यांना हा धागा पाठवतो.

---

सिमला ऑफिस चौक | ६ मे, सकाळी १०:४५

निफाडकरांनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलंय. रडार किती मिनिटं देतं हा अर्धाच प्रश्न, तुमच्या कामाला किती मिनिटं लागतात हा उरलेला. वाळवणवाली ताईंचं काम सहा मिनिटांचं, म्हणून त्या जिंकतात. मी पुण्यात बांधकामावर आहे. स्लॅब टाकायचा म्हणजे सहा-आठ तास, मधे थांबता येत नाही. तिथे रडार बघून स्लॅब सुरू करायचा विचारही करत नाही, आदल्या दिवशीचा अंदाज बघतो. पण टॉवर क्रेनचा निर्णय रडारवर. जोराचं वारं यायच्या आत ओझं खाली उतरवून क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडायचा असतो. पंधरा मिनिटं मिळाली तर आरामात होतं.

मांडववाले, तुमच्यासाठी एक आकडेमोड केली. दहा बाय वीस फुटांच्या एका कनातीवर ताशी ६० किलोमीटरचं वारं आडवं आलं तर साधारण तीनशे किलोचा रेटा बसतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर रेटा पाव होतो. तुमच्या मागच्या बाजूला अशा किती कनाती होत्या ते तुम्हाला माहीत. खुंट्या उपटल्या यात नवल नाही. छत उतरवायच्या भानगडीत पडू नका, आधी कनाती सोडा, वाऱ्याला वाट द्या.

अवांतर: आमच्या चौकाला सिमला ऑफिस नाव पडलं ते हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून, १९२८ साली. असं असून पुणेकर पावसाचं चित्र बघायला कुलाब्याच्या तोंडाकडे बघतात. दिव्याखाली अंधार.

---

मांडववाला | ६ मे, दुपारी १२:२०

इंजिनियर साहेब, तीनशे किलो! एका कनातीवर! आमची खुंटी दोन फुटांची, तीही लॉनच्या मऊ मातीत. पोरांना वाचून दाखवलं तर एकदम शांतता.

कनाती सोडायला आम्हाला किती वेळ लागतो ते आज मोजतो.

---

डॅलसकर | ६ मे, रात्री १०:१०

टेक्सासात वीस वर्षं आहे. इथे एप्रिल-मेमध्ये रडार बघणं हा जेवणाइतका रोजचा कार्यक्रम. देशभर मिळून साधारण १६० मोठी रडारं आहेत, एकाच प्रकारची, आणि चित्र पाचेक मिनिटांत बदलतं. पण मला वाटतं फरक यंत्रांपेक्षा इशाऱ्यात आहे. आधी इथेही अख्ख्या काउंटीला इशारा मिळायचा, तुमच्या ठाणे जिल्ह्यासारखा. २००७ पासून नकाशावर वादळाच्या वाटेपुरता तिरका चौकोन आखतात, आणि आता तेवढ्याच भागातले फोन वाजतात. शहराचे भोंगे महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला वाजवून बघतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा देवघराजवळ जाऊन बसली होती.

विमानतळाचं काका जास्त सांगतील, पण आमच्या गावाचा त्यात वाटा आहे. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलस विमानतळावर उतरणारं विमान अशाच ढगाखालच्या खाली आपटणाऱ्या वाऱ्यात सापडलं, १३७ माणसं गेली. त्यानंतर मोठ्या विमानतळांजवळ फक्त हे वारं पकडायला वेगळी डॉपलर रडारं बसवली.

---

ढगोबा | ७ मे, सकाळी ७:३०

डॅलसकर, तो अपघात आम्हाला प्रशिक्षणात शिकवायचे. वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर "डॉपलर" म्हणजे काय ते सांगून टाकतो. रुळावर शिट्टी वाजवत येणारी गाडी जवळ येताना आवाज चढा, पुढे गेल्यावर उतरलेला. थेंब रडारकडे येतात की लांब जातात हे तसंच परतीच्या लहरीवरून कळतं. त्याचं वेगळं चित्र असतं, वेगाचं. त्यात पाऊस दिसत नाही, रडारकडे येणारं आणि रडारपासून जाणारं वारं दोन रंगांत दिसतं.

त्यात एक खोट आहे. वारं किरणाला आडवं जात असेल तर रडारला ते शून्य दिसतं, मग ते कितीही जोराचं असो. मांडववाले, तुमचं नशीब चांगलं. मुरबाडकडून बदलापूरला येणारं वारं साधारण कुलाब्याच्या दिशेनेच येतं, त्यामुळे ते दिसतं. अंतरही ५०-५५ किलोमीटर, तिथे किरण सहाशे-सातशे मीटरवरच असतो. मलंगगड-चंदेरीची रांग थोडी आड येते, पण निफाडकरांच्या मानाने तुम्ही पहिल्या रांगेत बसलात.

---

शंकासूर | ७ मे, सकाळी ९:५०

मान्य, शिकतोय. पण काल मी एका रडारचं चित्र उघडलं तर केंद्रापासून टोकापर्यंत पिचकारी मारल्यासारखी सरळ रेष. आकाश निरभ्र. हा कुठला पाऊस?

---

ढगोबा | ७ मे, सकाळी १०:०५

रडार सी-बँड नावाच्या लहरीपट्ट्यावरचं असेल तर बहुधा कुणाच्या तरी वायफायचा. दोघांच्या लहरी शेजारीशेजारी आहेत, एखादा टॉवर नियम सोडून बडबडला की त्या दिशेला रेष उमटते. पाऊस कधीही शाळेच्या पट्टीने आखल्यासारखा पडत नाही. आणि रडारपाशीच चिकटलेले ठिपके, जे दहा मिनिटांनी जिथल्या तिथे, ते इमारती आणि डोंगर. म्हणून एक चित्र बघून निर्णय घ्यायचा नाही. तीन-चार लागोपाठची बघायची. जे सरकतं ते वादळ.

मोबाइलमधल्या "रडार" म्हणून दाखवणाऱ्या अॅप्सचंही सांभाळून. आपल्याकडे त्यातली काही उपग्रहावरून किंवा संगणकाच्या अंदाजावरून रंग भरतात. गुळगुळीत, मऊ, सुंदर दिसतं. खरं रडार जरा ओबडधोबड असतं.

---

खाडीपल्याड | ७ मे, रात्री ८:४०

श्रीवर्धनच्या बाजूचा. आमचं घराणं मच्छीमारीतलं. एवढं सगळं मिनिटांचं चाललंय म्हणून लिहितो, समुद्रावर मिनिटं कामाची नाहीत.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा बोटी लांब होत्या. किनाऱ्याला यायला दहा-बारा तास लागतात. अर्ध्या तासाचा इशारा घेऊन तांडेल काय करणार? आम्हाला दोन-तीन दिवस आधीचं सांगणं लागतं, बंदरावरचा बावटा लागतो. ते उपग्रहावरून आणि अंदाजावरून येतं. मोठ्या बोटींवर स्वतःचं रडार असतं, त्यात पावसाची सर दिसते. पण त्याला एक बटण असतं, पाऊस पुसून टाकायचं, म्हणजे दुसऱ्या बोटी नीट दिसाव्यात. वडील सांगायचे, आभाळ भरलं असताना ते बटण थोडा वेळ बंद कर आणि बघ. सर कुठून येते ते कळलं की बोटीचं नाक तिकडे करता येतं. बाजूने घेतली तर बोट कलंडते.

निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, ३ जून २०२०, मी घरी होतो. वारं ताशी ११०-१२०. सकाळीच आम्हाला शाळेत हलवलं होतं. दुपारी टॉवर पडले, फोन बंद, वीज बंद. पुढचे कित्येक दिवस अंधार. माझ्या फोनमध्ये रडार असतं तरी उघडलं नसतं. ते चित्र त्या दिवशी आमच्यासाठी नव्हतंच, आम्हाला कुठल्या शाळेत आणि कधी न्यायचं ते ठरवणाऱ्यांसाठी होतं. बाहेर आलो तर सुपारीची बाग काड्यांच्या पेटीसारखी सांडलेली. माणसं मात्र सगळी होती.

---

ढगोबा | ७ मे, रात्री ९:२५

खाडीपल्याड, बटणाचं वाचून मजा आली. तुमच्यासाठी पाऊस हा कचरा आणि बोट कामाची, आमच्याकडे बरोबर उलटं.

मिनिटांपेक्षा तास मोठे, हे खरंच. पण मिनिटांचीही किंमत विचारा मुंबईला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि पंचवीसेक किलोमीटरवर कुलाब्याला ७३. तेव्हा मुंबईत डॉपलर रडार नव्हतं. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांत बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता, लोक नेहमीच्या वेळेला घरी निघाले आणि अडकले. पुढे कुलाब्याला डॉपलर बसलं, २०२२ च्या जानेवारीत उपनगरातल्या वेरावलीला दुसरं. आता तसा ढग उपनगरावर ठाण मांडून बसला तर निदान निघायचं की थांबायचं एवढं तरी ठरवता येईल. ऐन वेळेला पान उघडलं तर, हे वेगळं सांगायला नको. मीही एकदा भर पावसात ते पान अर्धा तास फिरताना बघितलंय.

---

मांडववाला | ८ मे, दुपारी ४:००

पोरांना घेऊन रिकाम्या लॉनवर तालीम केली. घड्याळ लावून. तिन्ही बाजूंच्या कनाती सोडून गुंडाळायच्या, सहा माणसं, ११ मिनिटं. गाठी बदलल्या, एका ओढीत सुटणारी गाठ मारली, तर ७. हॅलोजन खाली उतरवून मेन स्विच बंद, ४. माणसांना हॉलच्या पडवीत न्यायचं, यजमानांनी ऐकलं तर ५, आणि मामा लोक असतील तर सांगता येत नाही. छत उतरवायला ४५, तो नाद सोडला.

म्हणजे मला ३० किलोमीटरच्या आत ५० च्या वरचा आकडा सरकत येताना दिसला की कनाती सोडायच्या. काका, बरोबर?

---

ढगोबा | ८ मे, दुपारी ४:३०

बरोबर. फक्त तो वाढतोय की मरतोय तेही बघा. यातले निम्मे ढग वाटेतच विरतात.

---

मांडववाला | १२ मे, रात्री ११:४०

काल झालं. संध्याकाळी सव्वासहा, कुळगावला साखरपुडा. मुरबाडच्या अलीकडे ५३, तीन चित्रांत आठ किलोमीटर सरकलेला. मी कनाती सोडायला लावल्या. पाहुण्यांना वाटलं कार्यक्रम आवरायला घेतलाय. मुलाकडचे वडील माझ्यावर आले, "फोटोत रस्ता दिसतोय, उघड्यावर बसवलंत आम्हाला." मी त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तो चेहरा मी ओळखला, माझाच होता.

आणि ढग बारवीवर येऊन विरला. गार वाऱ्याची एक झुळूक, दोन थेंब. पोरांनी परत कनाती बांधल्या, सात मिनिटं. मुलाचे वडील बिल देताना म्हणाले, तुमचं मशीन दुरुस्त करा.

---

शंकासूर | १३ मे, सकाळी ८:१५

आजीचा कावळा पाठवू का?

---

वाळवणवाली | १३ मे, सकाळी ८:५०

दादा, मी महिन्यातून चार वेळा फुकट उचलते. बायका हसतात. उचलायला सहा मिनिटं आणि पसरायला दहा. पाचव्या वेळेला पन्नास किलो वाचतं.

---

मांडववाला | १३ मे, सकाळी ९:१०

तोच हिशेब केलाय ताई. आता बुकिंगच्या कागदावर एक ओळ छापून घेतोय, "वादळाची शक्यता दिसल्यास कनाती सोडण्याचा निर्णय मांडववाल्याचा राहील." सही आधी, भांडण नंतर.

---

सिमला ऑफिस चौक | १७ मे, संध्याकाळी ५:३५

मांडववाले, आज कुठे आहात? घाटावरून काहीतरी उठलंय. माळशेजखाली बाजूच्या पट्टीत खांब तेरा-चौदा किलोमीटरचा दिसतोय.

---

मांडववाला | १७ मे, संध्याकाळी ५:३८

वांगणीला, लग्न आहे. बघितलं. हॅलोजन खाली घेतलेत, पोरं मागच्या कनातीवर आहेत.